कपबशांच्या कारखान्यासमोरची खुर्ची

मित्रांनो, बसा. उभ्याने ऐकण्यासारखी माझी गोष्ट नाही, आणि आल्यागेल्याला बसवणं हाच माझा जन्मभराचा उद्योग आहे. मी सलूनमधली खुर्ची. माझ्या आताच्या रंगावर जाऊ नका, एके काळी मी लालभडक होते. ओतीव लोखंडाचा पाय, पायाशी पायडल, मानेमागे उशी. तोंडात खिळे धरून काम करणाऱ्या एका कारागिराने माझ्यावर रेक्झिन चढवलं आणि काम संपल्यावर स्वतःच बसून पाहिलं. "इथे माणसाला झोप लागेल बुवा," तो म्हणाला. आयुष्यातलं माझं ते पहिलं कौतुक.

मला ज्यांनी विकत आणलं त्यांना सगळा बाजार दादा म्हणतो. दादांचं दुकान कपबशांच्या कारखान्यासमोर, अगदी फाटकाच्या तोंडाशी. पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे वळायचा. कारखान्यात पांढऱ्या मातीची भुकटी उडायची आणि घामाने केसांत अशी घट्ट बसायची की तरणीताठी पोरं म्हातारी दिसायची. त्या केसांत एकदम कंगवा घातला तर कंगव्याचे दात तरी जात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या तोंडून नको ते निघे. दादांची रीत वेगळी होती. डोक्याला ओलं फडकं गुंडाळायचं, माती भिजेपर्यंत गप्पा मारायच्या, मगच कंगवा. त्यामुळे आमच्याकडे गप्पांना कधी तोटा नव्हता. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची बहीण नापास झाली, भट्टीतून आज किती बशा वाकड्या निघाल्या, सगळं मला ठाऊक असायचं.

मी माणूस वजनावरून ओळखते. काही जण टेकल्यासारखे बसतात, काही जण अंग टाकून देतात. दादांचा धाकटा भाऊ या दुसऱ्या जातीचा. आईवडील लवकर गेल्यामुळे दादांनीच त्याला वाढवलं होतं. तो लहान होता तेव्हा माझ्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकून दादा त्याला तिच्यावर बसवत, आणि तो केस कापून होईपर्यंत आरशातल्या स्वतःला वेडावून दाखवत असे. पुढे तो कारखान्यात भट्टीवर लागला. दाराशी चपला सोडायचा, धपकन माझ्यावर बसून एक गिरकी घ्यायचा आणि उठायच्या आधी दुसरी. माझे सांधे कुरकुरायचे. पण खरं सांगते, मी आठवडाभर त्याची वाट पाहायचे.

दोघा भावांची चेष्टामस्करी नेहमीचीच होती. एकदा मात्र ती अंगाशी आली. दुकान गच्च भरलं होतं आणि दादा आपल्या हातातल्या कसबाविषयी कुणाला तरी रंगवून सांगत होते. धाकटा माझ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, हात राहू दे. आमच्या डोक्यांवर जगतोस तू."

सगळे खो खो हसले. दादा हसले नाहीत. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं त्याने चारचौघांत असं बोलावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं.

नेमक्या त्याच दिवसांत मोजणीबाई आल्या. हे नाव बाजाराने ठेवलेलं. कारखान्याच्या भट्ट्या जुन्या झाल्या होत्या आणि नव्या बांधायला सरकारने मदत करावी असा अर्ज गेला होता. आसपासच्या लोकांचं पोट कारखान्यावर किती चालतं, हे आधी पाहून मग मदतीचं ठरणार होतं. ते पाहायला बाई दुकानोदुकानी फिरत होत्या. आमचं बाकडं भरलेलं होतं, म्हणून दादांनी त्यांना माझ्यावर बसवलं. अंगाने किडकिडीत, पण दिवसभराचा शीण घेऊन बसल्या.

"कारखाना उद्या नसला, तर तुमच्या धंद्याचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

दादांनी वस्तरा पुसला. बाकड्यावर भट्टीवरचीच दोघं बसली होती, बोललेलं धाकट्यापर्यंत पोचणार हे उघड होतं. "काय व्हायचंय? कारखाना नाही म्हणून केस वाढायचे थांबतात का?"

बाकडं हसलं. बाई हसल्या नाहीत. "दादा, जरा विचार करून सांगा. यावर बरंच काही ठरणार आहे."

"विचार करूनच सांगतोय. लोक माझ्या हाताला येतात, समोरच्या फाटकाला नाही. काही फरक पडणार नाही, असं लिहा."

बाईंनी लिहिलं. मला वाचा असती तर मी तिथेच ओरडले असते. ज्या डोक्यांच्या मातीने माझी उशी पांढरी पडली होती ती कुठली होती, हे मी सांगितलं असतं. पण मी लाकूड-लोखंडाची, बसवायचं तेवढं मला येतं.

दादांचं उत्तर बाजारभर झालं आणि सगळ्यांना ते फार आवडलं. आमच्या बाजाराची ही एक खोडच आहे. आपण कुणाच्या आधाराने उभे आहोत असं कबूल करणं म्हणजे नाक कापून घेणं. खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, माझ्या हाताला चव आहे म्हणून पंगती उठतात. सायकलवाला म्हणाला, चाकं पंक्चर व्हायला कारखाना लागत नाही. कापडवाल्याने तर बाईंना चहा पाजून सांगितलं की त्याचं गिऱ्हाईक लांबलांबून येतं. कुणी जाणूनबुजून खोटं बोललं नाही. आपलं कर्तृत्व ज्याला त्याला थोडं मोठंच दिसतं.

पुढे एका सकाळी धाकटा माझ्यावर बसला होता. अबोला सरत आला होता. दादांनी त्याच्या तोंडाला फेस लावला होता आणि एक गाल करून झाला होता. बाकड्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गिऱ्हाइकाने एकाएकी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कारखान्याला मदत मिळणार नव्हती. कारखाना बंद झाला तरी परिसरातल्या व्यवसायांवर विशेष परिणाम होणार नाही, असं पाहणीत आढळलं होतं.

"असं कसं आढळलं?" धाकटा म्हणाला.

गिऱ्हाईक चाचरलं. "अरे, बाजारातल्या लोकांनीच सांगितलं की. दादांनी तर सगळ्यात आधी."

दादांचा हात हवेतच राहिला. धाकट्याने आरशातूनच विचारलं, "तू असं म्हणालास, दादा?"

"बोलून गेलो रे. तुझ्यावर राग होता."

धाकट्याने फेस लावलेला गाल पुढे केला. मग म्हणाला, "तो गाल राहिलाय. कर."

दादांनी तो गाल केला. धाकटा उठला तेव्हा त्याने गिरकी घेतली नाही.

कारखाना बंद झाला. धाकट्याला लांबच्या गावी दुसऱ्या एका भट्टीवर काम मिळालं. निघायच्या दिवशी तो, त्याची बायको आणि त्यांची छोटी मुलगी दुकानाच्या दारात उभी होती. "येतो दादा," तो म्हणाला. "सांभाळून जा," दादा म्हणाले. इतकं मोठं आयुष्य एकत्र काढलेल्या माणसांना त्या वेळी एवढेच शब्द सुचले. त्याचा पाय निघत नव्हता. मधे मी होते, रिकामी.

केस वाढायचे थांबले नाहीत, मित्रांनो. फक्त ते दुसऱ्या गावांत वाढू लागले. पाळी सुटायची वेळ व्हायची, दादा सवयीने फडकं भिजवून ठेवायचे आणि ते वाळून जायचं. मावशींची मोठी पातेली पालथी पडली. सायकलवाला मुलाकडे राहायला गेला. संध्याकाळची बस आमच्या नाक्यावर थांबेनाशी झाली, कारण उतरायला कुणी नव्हतं. दुपारी दादा स्वतःच माझ्यावर येऊन बसत आणि समोरच्या बंद फाटकाकडे बघत. त्यांचं वजन मला नवीन होतं. इतकी वर्षं ते माझ्या मागे उभे असायचे, माझ्यावर कधी बसलेच नव्हते.

मग मोजणीबाई पुन्हा आल्या. कारखाना गेल्यावर काय झालं ते पाहायला. या वेळी बाकडं मोकळंच होतं, तरी दादांनी त्यांना माझ्यावरच बसवलं आणि त्या काही विचारायच्या आत बोलायला लागले. "बाई, मागच्या वेळी मी फुशारकी मारली. माझं दुकान त्या फाटकावर चालत होतं. आता हे पण लिहा, माझा भाऊ गाव सोडून गेला."

बाईंनी मान खाली घातली. "दादा, मला तेव्हाही शंका आली होती. पण तुमच्याच तोंडचं उत्तर मी खोडणार कशी? आणि भाऊ जाण्याला आकडा नसतो हो."

"मग आकड्याशिवाय लिहा."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही. जाताना म्हणाल्या, "मला सांगितलंत ते बरं केलंत. पण हे भावाला सांगितलंत का?"

दादांनी नुसतं माझ्या उशीवरून फडकं फिरवलं. त्या आठवड्यात त्यांनी पिशवीत कात्री, कंगवा आणि वस्तरा भरला, दुकानाला कुलूप लावलं आणि धाकट्याच्या गावची गाडी धरली.

परत आले तेव्हा मावशी विचारायला आल्या. दादा माझ्यावर टेकले. "अंगणात बसवून त्याचे केस कापले," ते म्हणाले. "कुणाकडून तरी कापून घेतो, मावशी. मागून सगळे तिरके. आणि कानांवर पांढरे झालेत. मला वाटलं माती आहे. ओलं फडकं लावून मी बसलो वाट बघत."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "मग? बोललास का त्याच्याशी?"

"म्हटलं, तूच होतास रे माझं दुकान. तर म्हणतो, ठाऊक होतं दादा, उगाच चिडवायचो तुला." एवढं बोलून दादा उठले आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसायला लागले.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. माझं रेक्झिन फाटलं आहे, उशीतला काथ्या बाहेर डोकावतो. तो आत ढकलला, सांध्यांना थेंबभर तेल दिलं, तरी माझं भागेल. पण एक विनवणी आहे. तुम्ही कुणामुळे उभे आहात असं कधी कुणी विचारलं, तर फुशारकी मारू नका. त्या माणसाचं नाव सांगा, आणि जमलं तर त्याच्यासमोरच सांगा.

आता महिन्यातून एकदा दादा दुकान बंद ठेवून धाकट्याकडे जातात. उरलंसुरलं गिऱ्हाईक त्या दिवशी कुलूप पाहून परत जातं, पण दादांना त्याचं काही वाटत नाही. काल निघताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुलाही नेलं असतं गं." मी चार बोल्टांनी फरशीला आवळलेली आहे, मला कोण नेणार? तिकडे धाकटा स्वयंपाकघरातली साधी खुर्ची अंगणात टाकून बसतो म्हणे. ती फिरत नाही.