पुसलेलं ‘गरम’

...खडूचं टोक पाइपावरून ओढलं, रेघ क्षणभर कोरडी राहिली, मग ओली होऊन चमकली — म्हणजे दीडशेच्या वर गेलं. हा खडू बरोबर दीडशे अंशांना वितळतो, त्याआधी काही केल्या नाही. माणसांसाठी असा खडू कोणी का केला नाही, असं वेल्डरला उगाचच वाटून गेलं. इतका जाड पाइप थंड असताना जोडला तर जोड तडकतो. आणि जोडल्यावर त्याला वारा लागू द्यायचा नाही, जाड पांढऱ्या ब्लँकेटात गुंडाळून आजाऱ्यासारखं निजवायचं, हळूहळू निवू द्यायचं... नाहीतर आतल्या आत चीर जाते, आणि ती दिसते दोन दिवसांनी, सगळे वाहवा करून गेल्यावर.

लाल लोखंडाची त्याला कधीच भीती वाटली नाही; ते बिचारं ओरडून सांगतं. भीती काळ्याची. लाली जाते, धग राहते, आणि पाइप असा साळसूद पडून असतो की जणू त्या गावचाच नाही. म्हणून त्यावर पांढऱ्या खडूनं ‘गरम’ लिहायचं, हा इथला नियम.

दीड महिन्यापूर्वी त्यानं लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं! ब्लँकेट सोडलं, अजून निम्मी धग होती, म्हणून ठसठशीत लिहिलं — आणि मग जोडावरची काजळी बघवेना, तारेचा ब्रश फिरवला... जोड कसा लख्ख निघाला... अक्षरं गेली. लिहू पुन्हा, आधी चहा. कप अर्धा झाला नसेल तोच आतून ती किंकाळी. फिटरची, म्हणजे भावोजींची, त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. जोड हाताला गुळगुळीत लागतो का पाहायला त्यांनी हातमोजा काढून तळहात टेकवला होता.

तेव्हापासून ताई नवऱ्याच्या नावानं खडे फोडतेय. “इतकी वर्षं काम करून हात लावतं का कुणी? वेंधळेपणा नुसता!” भावोजी मान खाली घालून डाव्या हातानं जेवत होते, आणि तो — तो समोर बसून पुन्हा वाढून घेत होता.

आज ते कामावर परतले होते. तळहाताची कातडी नवी, गुलाबी, ताणलेली.

“काय रे ठिणगी, तापला का?” ते त्याला याच नावानं हाक मारत.

“हो. जरा लांबच थांबा, भावोजी.”

जोड पुरा झाला. दोघांनी मिळून ब्लँकेट गुंडाळलं, तारा आवळल्या. धगीनं समोरची भिंत पाण्यासारखी हलत होती, आणि त्या हलण्यात त्याला वाटलं, आत्ता बोलता येईल.

“भावोजी, त्या दिवशी...”

“दवाखान्यात नर्स माझा हात धूत होती,” ते ब्लँकेटकडेच बघत म्हणाले. “विचारलं, हे पांढरं काय लागलंय? म्हटलं, खडू.” मग ब्लँकेटची कड नीट करत, “ब्रश मारला की पसरतो तो.”

त्यानं आवळलेली तार उगाच पुन्हा पिळली. “ताईला सांगितलं नाहीत?”

“बहीण तुझी आहे. तू सांग.”

ते गेले. त्यानं ब्लँकेटला खडूनं ‘गरम’ लिहिलेली पाटी बांधली. मग भिंतीकडच्या बाजूलाही एक बांधली, जिथे कोणी फिरकत नाही. संध्याकाळी ताईकडेच जेवायचं होतं. ती वाढायला वाकेल, तेव्हा पहिला शब्द कोणता... त्याला भीती वाटत होती, चांगलीच. पण दीड महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या घरी जावंसंही वाटत होतं. पाइपाला निवायला अजून खूप वेळ होता. तो शेजारी स्टूल ओढून बसला.