तिसऱ्या पिंपाचा वास

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण उभ्या जन्मात त्यांनी कुणाला पाढा शिकवला नव्हता. ते बिअर बनवायचे. जागेला कारखाना म्हणावं तर ती लहान, आणि भट्टी म्हटलं की मास्तर रागवायचे. मागे दोन तांब्याच्या टाक्या आणि पिंपं, पुढे सहा टेबलांचं दुकान आणि वर राहायचं घर, एवढाच पसारा. मुलगा दातांचा डॉक्टर झाला आणि त्याने या धंद्याकडे पाठ फिरवली. सून मात्र लग्नानंतर महिन्याभरातच बाह्या सरसावून टाकीशी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मास्तर मुलाला जावई समजत आणि सुनेला वारस.

वर्षभर त्यांची बिअर साधी, सोनेरी असायची. थंडी पडली की मात्र हिवाळी बिअर. काळसर तांबडी, जरा दाट, भाजलेल्या जवाची, थोड्या मधाची, संत्र्याच्या सुकवलेल्या सालीची. ही गटागटा प्यायची नाही. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडी ऊब द्यायची, आधी मनसोक्त वास घ्यायचा आणि मग घोट. वास न घेता प्यायला तो माणूस मास्तरांच्या मनातून उतरलाच. आणि मास्तरांनी स्वतः चाखून "भरा" म्हटल्याखेरीज या बिअरची एक बाटलीही भरली जात नसे.

यंदा गोची अशी झाली होती, की मास्तरांना वासच येत नव्हता.

पानगळीच्या सुमारास तापाने त्यांना आठ दिवस झोपवलं. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे कळलं ते शेगडीवर दूध करपलं तेव्हा. मास्तर शेजारीच पेपर वाचत बसले होते, आणि सून जिन्यावरून धावत आली तेव्हा कुठे त्यांना धूर दिसला. "वाचण्यात गुंगलो होतो," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. आज येईल, उद्या येईल, करता करता दोन महिने गेले.

सांगून टाकायला काय हरकत होती? होती. मास्तरांच्या थोरल्या भावाची जीभ म्हातारपणी बोथट झाली, तेव्हा याच मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "दादा, आता आराम करा." किती प्रेमाने म्हटलं होतं! दादा टाकीपासून उठून दुकानातल्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि त्यानंतर कुणी त्याला काही विचारलं नाही. हिवाळे दोन काढले बिचाऱ्याने. मास्तरांना मरणाची एवढी धास्ती नव्हती, त्या खुर्चीची होती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. चाखायची वेळ आली की सुनेला म्हणायचं, "आधी तू घे." घोट पसंत पडला की सुनेची डावी भुवई किंचित वर जाई. भुवई वर गेली की मास्तर मान डोलवत आणि म्हणत, "जमलं." नाही गेली तर हुं करून म्हणत, "अजून मुरू दे." दोन महिने हे गाडं सुरळीत चाललं होतं.

हिवाळी बिअर चाखायच्या दिवशी तीन पिंपं तयार होती. पहिल्याला भुवई वर गेली. दुसऱ्यालाही गेली. तिसऱ्याचा ग्लास भरला आणि तेवढ्यात पुढच्या दारात कुणीतरी हाक मारली, म्हणून सून गेली. मास्तर एकटे राहिले. त्यांनी घोट घेतला. गोड लागत होतं, कडू लागत होतं, दाटपणा ठीक होता. एकाच टाकीतली बिअर, दोन पिंपं चांगली निघाली म्हणजे तिसरं काय वेगळं असणार?

"झकास आहे," सून परत आल्यावर ते म्हणाले. "भरा."

सुनेने सवयीने ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि खात्रीसाठी घेतलेला घोट मोरीत थुंकला.

"बाबा, हे पिंप कुणी धुतलं?"

"मी. का?"

"दवाखान्याचा वास येतोय याला. जंतुनाशक राहिलंय आत." मग ती थांबली. "आणि याला तुम्ही भरा म्हणालात?"

मास्तर उपड्या खोक्यावर बसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पिंप धुवायची त्यांची चाळीस वर्षांची रीत होती. जंतुनाशक घालायचं, पाणी मारायचं, आत नाक घालायचं. वास आला की पुन्हा पाणी. कधी चारदा, कधी पाचदा, पण पाण्याचा हिशेब नाकाकडे. यंदा पहिल्याच पाण्यानंतर नाकाने सांगितलं, काही वास नाही. मास्तरांनी विश्वास ठेवला. नाक गेलंय हे दोन महिने जगापासून लपवणारा माणूस नेमक्या त्या क्षणी ते स्वतःच विसरला होता.

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"तापापासून."

"म्हणजे ते दूध..."

"पेपरात वाचण्यासारखं काही नव्हतं त्या दिवशी."

सून हसली नाही. मास्तरांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "म्हण आता. मी दादाला म्हणालो होतो ते. आराम करा म्हण."

"आराम?" सुनेचा आवाज चढला. "तुम्ही नासवलंय, तुम्हीच ओता हे आधी. उठा."

दोघांनी मिळून पिंप कलतं केलं. काळसर बिअर फेसाळत मोरीतून जाऊ लागली. सून तिकडे बघत म्हणाली, "पिंपाचं जाऊ द्या, बाबा. पण दोन महिने तुम्ही मी केलेल्या बिअरला मान डोलवत होतात. मला वाटलं, मला जमायला लागलं. रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं मी."

हे मास्तरांच्या काळजाला लागलं. पिंपापेक्षा जास्त लागलं.

"अगं वेडे," ते म्हणाले, "मी डोलवत होतो ते तुझं तोंड बघून. तुझी भुवई वर गेली की मी जमलं म्हणायचो. दोन महिन्यांत एक तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं? हा कारखाना तुझ्या एकटीच्या जिभेवर चाललाय. मी नुसता मान हलवत होतो."

सुनेने पदराने डोळे टिपले आणि ती म्हणाली, की जंतुनाशक डोळ्यांना झोंबतंय.

हिवाळी बिअर दुकानात आली त्या संध्याकाळी सहाही टेबलं भरली होती. गल्लीतल्या न्हाव्याने पहिला ग्लास हातात घेऊन दरसालचा प्रश्न विचारला, "काय मास्तर, यंदाचा वास कसा काय?"

सुनेने काउंटरमागून काळजीने पाहिलं. मास्तर उभे राहिले.

"सूनबाईला विचारा. मला वास येत नाही. तापात नाक गेलं माझं. यंदाची बिअर तिने पास केलीय."

न्हाव्याने जरा विचार केला.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "मला चार वर्षं जवळचं नीट दिसत नाही. तरी तुमच्या दाढ्या करतोच आहे की."

तीनचार हात आपसूक गळ्याकडे गेले, आणि मग जे हसू फुटलं त्यात मास्तरही सापडले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

जरा शांत झाल्यावर सून आपला ग्लास घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली. मास्तरांनी स्वतःचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला होता, पण तोंडाला लावला नव्हता.

"सांग," ते म्हणाले.

तिने डोळे मिटून वास घेतला. "आधी संत्र्याची साल येते. सोललं की नखांत राहते तेवढीच. मग मध, पण लांबून. आणि तळाशी जव." ती अडखळली. "बाबा, खरं सांगू?"

"नाहीतर विचारतोय कशाला?"

"जव जरा जास्त भाजले गेलेत यंदा. कुणाला कळणार नाही. पण झालेत."

वास येत नाही म्हणून यंदा जव मास्तरांनी घड्याळ लावून भाजले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या भाजण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि जिभेच्या मागच्या टोकाला तो जास्तीचा कडवटपणा त्यांनाही सापडला.

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी जव तू भाज. मी शेजारी उभा राहतो."