गेणभाऊचा आकडा

आळेफाट्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं, एका दंडाला पट्टा बांधलेला असताना, दुसऱ्या हातातला मोबाईल स्नेहलपुढं धरला. "ताई, हे तुमचेच आप्पा ना? आता सट्टा बी घ्यायला लागले का?"

स्नेहलनं आधी सुई नीट घातली. रक्त काढलं, कापूस दाबला, नळीवर नाव लिहिलं. मग मोबाईल हातात घेतला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटो आप्पांचाच होता. पांढरी टोपी, पुढ्यात माईक, डाव्या मुठीत घड्याळ. तिनंच काढलेला, राजुरीच्या घाटात. फोटोखाली तिनंच टाईप केलेली ओळ होती, 'गेणभाऊंनी पुकारलेले सेकंद'. आणि त्या ओळीच्या खाली लाल-पिवळी पट्टी लुकलुकत होती. पुढची बारी किती सेकंदात? पैसे लावा, लगेच जिंका. काल रात्रीपर्यंत ही पट्टी तिथं नव्हती. तिनं स्वतःच्या मोबाईलवरून वेबसाईटच्या आत शिरायचा प्रयत्न केला, तर तिचा पासवर्ड चालेना.

आता गेणभाऊ कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. घाटातून गाडा वर येतो, चार बैल आणि पुढं घोडी, अकरा-बारा सेकंदांचा सगळा खेळ. त्या एका धावेला बारी म्हणतात. वर मांडवात एक माणूस घड्याळाकडं बघत बसलेला असतो आणि आकडा माईकवर पुकारतो. पिंपरी पेंढारचे गेणभाऊ, म्हणजे स्नेहलचे वडील, तो माणूस. हल्ली दोन्ही टोकांना सेन्सर लागतात आणि आकडा पाटीवर लाल अक्षरांत उमटतो, तरी गाडामालक पाटीकडं बघत नाहीत. गेणभाऊंनी पुकारला की तो आकडा खरा, मग त्यावर भांडण नाही.

त्यांचा नियम एकच होता. आकडा दिसला की लगेच सांगायचा, मोठ्यानं, सगळ्यांना एकदम. गाडा कुणाचा ते बघायचं नाही. सख्ख्या भावाचा गाडा एका पॉइंटनं, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागानं, बक्षिसातून गेला तेव्हाही आवाज तसूभर बदलला नव्हता. तीस वर्षांत ही सवय अंगात अशी मुरली की माणूस घरातही आकडा पोटात ठेवू शकत नव्हता. विजेचं मीटर वाचायला माणूस आला की त्याच्या आधी हे ओरडणार. स्नेहलचा दहावीचा निकाल लागला तेव्हा अख्ख्या आळीला ऐकू गेलं, "गणितात एक्केचाळीस." त्या दिवशी ती आठ तास त्यांच्याशी बोलली नव्हती.

पुकारलेला प्रत्येक आकडा ते वहीत उतरवत. अशा एकोणीस वह्या झाल्या. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत त्या वह्या खताच्या पिशवीत बांधून माळ्यावर पडल्या होत्या. बंदी उठली, घाट पुन्हा गजबजले, तेव्हा स्नेहलनं त्या खाली काढल्या. लॅबमधून आल्यावर रोज दोन तास टाईप करत बसायची. कुठला घाट, कुणाचा गाडा, किती सेकंद. दीड वर्ष. आई म्हणायची, एवढ्या वेळात दोन स्थळं बघून झाली असती.

वेबसाईट उभी करून दिली ऋषीनं. थोरल्या चुलत्यांचा मुलगा, मंचरला गाळा घेऊन बसलेला. त्याचा धंदाच तो. कुणाची तरी बंद पडलेली वेबसाईट स्वस्तात घ्यायची, तिच्यावर माणसं येतील असं करायचं, आणि चांगला भाव आला की विकून मोकळं व्हायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो धंदा बाहेरच्यांशी, आपल्या घरात नाही, असं स्नेहल धरून चालली होती.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं आप्पांपुढं मोबाईल धरला. "हे कसं झालं? तुमच्या मोबाईलवर काही आलं व्हतं का?"

आप्पा ओट्यावर लसूण सोलत होते. "आलं व्हतं की. परवा दुपारी. ऋषीचा फोन आला. म्हणाला, आप्पा, एक सहा आकडी नंबर आलाय बघा, वाचून दाखवा. दाखवला."

झालं. वेबसाईटचं खातं उघडताना ऋषीनं आप्पांचा नंबर दिला होता, कारण भावकीत कधी न बदललेला नंबर तेवढाच होता. विकताना त्याच नंबरावर ओटीपी आला, आणि ज्या माणसाला आकडा पोटात ठेवता येत नाही त्याच्याकडंच मागितला. दुसरं कुणी असतं तर निदान विचारलं असतं, कशाला हवाय बाबा. यांनी पुकारला.

"अहो, बँकवाले रोज बोंबलून सांगतात, कुणाला सांगू नका म्हणून," स्नेहल म्हणाली. "कशाला वाचलात? तोंड जरा मिटून ठेवता येत न्हाई का तुमाला? तीस वर्षांची कमाई एका फोनवर देऊन मोकळे झालात."

आप्पांचे हात थांबले. लसणाची पाकळी हातातच राहिली. आईनं डोळे वटारले, पण स्नेहल थांबली नाही, आणखी दोन-चार वाक्यं बोलली, जी नंतर तिला झोपू देईनात. दुसऱ्या दिवशी मीटरवाला आला. आप्पा आतल्या खोलीत बसून राहिले आणि मीटरचा आकडा किती आला ते घरात कुणालाच कळलं नाही.

रविवारी ती मंचरला गेली. ऋषीनं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला, वर पंखा लावला. तिला तो पाहुणचार बघूनच कसंतरी झालं.

"दादा, विकायच्या आधी एक शब्द विचारायचा व्हता."

"तुला काय विचारायचं त्यात? नाव माझ्यावर, दरवर्षीचं भाडं मी भरतो. धंद्याची गोष्ट आहे, स्नेहल. आठवड्याच्या बाजारात खंगलेलं जनावर घ्यायचं, चार महिने खाऊ-पिऊ घालायचं, अंगानं भरलं की विकायचं. यात काय पाप आहे?"

"खाऊ-पिऊ कुणी घातलं? दीड वर्ष टाईप कुणी केलं?"

"तू केलंस. नाही कधी म्हणालो? म्हणून तर भाव चांगला आला." त्यानं खणातून पाकीट काढून टेबलावर सरकवलं. "हे तुझे. पंचवीस हजार."

स्नेहलनं पाकिटाला हात लावला नाही. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बैल विकताना माणूस दावं सोडून घेतो, ऋषी. आपलं दावं आपल्या गोठ्यात राहतं, घेणाऱ्यानं त्याचं आणायचं. तू आप्पांचा फोटो आणि नाव सुद्धा गळ्यात ठेवूनच विकलंस. ते काढायला सांग. बाकी तुझं तू खा."

दादाचा ऋषी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. तो हसला. "अगं, तेच तर विकलंय. सेकंद काय, कुणीपण लिहील. गेणभाऊंचं नाव काढलं तर त्यात राहिलं काय?"

एवढंच खरं बोलला तो त्या दिवशी, आणि तेच ऐकून स्नेहलला त्याच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. फेकला नाही. रिकाम्या हातानं उठली आणि नारायणगावच्या एसटीत बसून घरापर्यंत दात आवळून आली. घरी आल्यावर सगळं बोलून टाकलं. दाव्याचं ऐकून आप्पांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

पुढच्या आठवड्यात खरा घोळ सुरू झाला. नव्या मालकांना सेकंदांशी देणंघेणं नव्हतं, पैजेशी होतं. एका घाटात सोपान गाडामालकाची बारी आप्पांनी अकरा सेकंद ऐंशी पुकारली, अख्ख्या घाटानं ऐकली. वेबसाईटवर बारा दहा. ज्यांनी पैसे लावले होते ते बुडाले आणि यानं गाडा मुद्दाम हळू हाकला म्हणून ते सगळे सोपानच्या नावानं शंख करू लागले. सोपान थेट दारात आला. वीस वर्षं ज्या माणसानं गेणभाऊंच्या हातचा नारळ घेतल्याशिवाय गाडा जुंपला नव्हता, तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पाणीही घेतलं नाही.

"गेणभाऊ, आमी पाटीकडं कधी बघितलं न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमी माझा आकडा विकला."

आप्पा उभे राहिले, तोंड उघडलं, आणि पुन्हा खाली बसले. स्नेहलनंच सगळं सांगितलं, ओटीपी, ऋषी, मंचर. सोपाननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल. पण फोटो तुमचा हाय, ताई."

चार दिवसांनी यात्रा कमिटीचे अध्यक्ष कुशाबा आले. गावच्या यात्रेला पंधरा दिवस राहिले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, ऊस झाला, बिबट्या झाला, मग त्यांनी मुद्दा काढला. यंदा गेणभाऊंनी माईकवर बसू नये. लोक नाराज आहेत, घाटात वाद नको. आप्पांनी फक्त मान हलवली. तीस वर्षांनंतर आपल्याच गावच्या घाटातून माणसाला उठवलं, आणि तो मान हलवतो. स्नेहलला आप्पांचा राग आला, कुशाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण त्यांचं तोंड तिनंच बंद केलं होतं.

बरं, एवढ्यावर थांबावं ना. यात्रेच्या तीन दिवस आधी कुशाबा परत आले, हसत. पहिल्या नंबराची मोटारसायकल एका वेबसाईटवाल्या पार्टीनं दिलीय, ऋषीच्या ओळखीनं. अट एकच, पुकारायला गेणभाऊच पाहिजेत.

"म्हंजी आप्पांच्या शब्दावर बसवायचं न्हाई, आणि मोटारसायकलीसाठी बसवायचं," स्नेहल म्हणाली. "तुमाला सांगताना काहीच वाटत न्हाई का, कुशाबाभाऊ?"

"गावाचं काम हाय, पोरी."

"आप्पा जाणार न्हाईत."

"जाणार," आप्पा म्हणाले. तीन आठवड्यांत त्यांनी घरात उच्चारलेला तो पहिला धड शब्द होता. स्नेहलनं रागानं हातातलं ताट आपटलं.

यात्रेच्या दिवशी ती घाटात गेली ती त्यांना एकटं सोडवेना म्हणून. मांडवावर त्याच लाल-पिवळ्या रंगाचा बॅनर होता आणि त्यावर आप्पांचा तोच फोटो. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस माणसाला चिकटून बसलेला. आप्पा टोपी सारखी करून माईकपुढं बसले. शेजारी स्नेहल, मांडीवर नवी कोरी वही, विसावी. आप्पांनीच सकाळी तिच्या हातात दिली होती. मागं ऋषी येऊन उभा राहिला, कडक इस्त्रीत, कपाळाला भंडारा लावून. वाकला आणि हळूच बोलला, पण स्नेहलला ऐकू गेलं.

"आप्पा, एवढंच करा. पाटीचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलंय, आकडा तुम्हालाच दिसंल. आधी माझ्या फोनमध्ये सांगा, दहा-पंधरा सेकंदांनी माईकवर, तेवढ्यात आपल्या माणसांचे पैसे लावून होतील. पार्टीचं तेवढंच म्हणणं आहे. कुणाला कळायचं नाही."

स्नेहल ताडकन उठली. आप्पांनी तिच्याकडं न बघता तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं.

खाली निशाण पडलं. बारी सुटली, भंडारा उधळला, बैल धुरळ्यासकट समोरून गेले. पाटीवर आकडा उमटला. ऋषीनं फोन पुढं केला. आप्पांनी माईक तोंडाजवळ ओढला.

"अकरा सेकंद त्र्याहत्तर."

आवाज तोच. लगेच, मोठ्यानं, सगळ्यांना एकदम. ऋषी दातओठ खात मागं झाला. पण आप्पांनी माईक खाली ठेवला नाही.

"आता दुसरा आकडा ऐका. चार, शून्य, सात, सात, एक, दोन."

घाट बुचकळ्यात पडला. असे सेकंद नसतात.

"हा आकडा माझ्या मोबाईलवर आला व्हता. ऋषीनं मागितला, मी वाचून दाखवला. माझी चूक हाय. त्या आकड्यावर माझं नाव आन माझ्या पोरीची मेहनत विकली गेली. विकणारा ह्यो, माझ्या मागं उभा हाय. आत्ताचा आकडा त्यानं तुमच्या आधी मागितला. मी दिला न्हाई. त्या वेबसाईटवर दिसंल तो एक बी सेकंद माझा न्हाई. सोपान गाडामालक कुठं बसलं आसतील तर त्यांनी ऐकावं, त्यांची बारी अकरा ऐंशी व्हती."

एवढं त्यांनी सेकंद पुकारतात त्याच आवाजात सांगितलं. ना शिवी, ना कापरं. ऋषी माईकच्या वायरीकडं झेपावला तेव्हा कुशाबाच मधे आले. त्यांनी आधी बॅनरकडं बघितलं, मग घाटाकडं. घाटाच्या डाव्या अंगाला माणसं उभी राहायला लागली होती, आणि त्यात सोपान पुढं होता. ऋषी मागच्या कनातीतून निघून गेला. मोटारसायकल तशीच हार घालून उभी होती, तिच्याकडं कुणी बघेना.

वेबसाईट काही बंद झाली नाही. स्नेहलनं तिथंच मोबाईल काढून बघितलं, फोटो होता, पट्टी लुकलुकत होती. तिला रडायलाही येत होतं आणि कुणाला तरी बदडावंसंही वाटत होतं. तीन आठवडे हा माणूस ते सहा आकडे जिभेखाली धरून बसला होता, आणि ते धरायला लावले तिनं.

"आप्पा, मी त्या दिवशी बोलले ते..."

"खाली जुंपतायत," आप्पा म्हणाले. त्यांची नजर घाटाच्या तोंडाकडं होती. "लिहिलंस का?"

"कुठला?"

"दोन्ही लिही."

तिनं विसाव्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.