अकरा दिवस बंद मोटर

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आमच्या निर्मळ गावच्या मोगऱ्याच्या वाडीतल्या विहिरीवरची मोटर माझ्यामुळे अकरा दिवस बंद होती. माझ्या पीएचडीचं गणित घरच्या कॉम्प्युटरवर चाललं होतं. डीएनएमधल्या ग्वानीन आणि सायटोसीन या रेणूंच्या जोडीला तीन हायड्रोजन बंध किती घट्ट धरून ठेवतात, ते काढायचं होतं. मोटर लावली की व्होल्टेज पडायचं, कॉम्प्युटर बंद व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून बाबा मोगऱ्याला बादल्यांनी पाणी घालत होते. साठीचा माणूस, पण माझं गणित मोठं ना!

बाराव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. घट्ट धरणं सोडाच, जोडी एकमेकांना ढकलत होती.

मी अंगणात येऊन बाबांवर ओरडले, "तुम्ही मोटर लावली असणार! सगळं वाटोळं केलंत!" कुंपणापलीकडे शेजारची रेजिनामावशी फुलं खुडत होती, तिचे हात थांबले. बाबा बादली उचलून वाडीत गेले.

मोटरने गणित बंद पडतं, चुकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दुपारी फाइल उघडली. ग्वानीनचा जो हायड्रोजन नायट्रोजनवर हवा, तो मी शेजारच्या ऑक्सिजनवर बसवला होता. समोर सायटोसीनचाही हायड्रोजनच. जोडी जुळणार कशी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाडीत गेले. मोगऱ्याच्या कळ्या पिवळ्या पडल्या होत्या. मला बघताच बाबांनी बंडीच्या खिशातून मोटरचा फ्यूज काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तुझ्याजवळच ठेव, विनया. आता लावीन म्हटलं तरी नाय लागायची. तू परत लाव तुझं गनित."

"बाबा, चूक माझी होती. मोटरने असं होतच नाही. ओरडले तेव्हाही मला माहीत होतं."

ते मग हळूच म्हणाले, "परवा मी गोठ्यातला दिवा लावलेला. सकाळपासून तेच मनाला खातंय. म्हनजे तुझं गनित माझ्यामुळं नाय ना बिगडलं?"

"नाही," मी म्हटलं. सकाळी रेजिनामावशीपर्यंत गेलेला माझा आवाज आता बाबांपर्यंतही धड पोचेना.