शेंदरातील पाऊण तोळा

प्रस्तुत लेखक पारोळ्याचा सोनार रुपचंद असून त्याचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले आहे. तथापि ज्ञानाची हाव मोठी. सन १९२७ च्या सुमारास वाचनालयातून रसायनशास्त्राचे एक पुस्तक आणून मी त्यातील परमाणूंचे प्रकरण तोंडपाठ केले. सर्व पदार्थ अतिसूक्ष्म परमाणूंचे बनलेले असतात, ते नव्याने उत्पन्न होत नाहीत व नष्टही होत नाहीत, हे वाचून मला विलक्षण अभिमान चढला. पुढील प्रकरणे मी उघडलीच नाहीत.

आमच्या आळीच्या मारुतीचा शेंदूर नजीर कल्हईवाला करून देई. आळीने शिसे द्यावे, त्याने ते भट्टीवर घोटून भाजावे आणि लाल झालेली पूड आणून द्यावी, ही त्याच्या बापापासूनची वहिवाट. त्या चैत्रात शिसे मीच तोलून दिले होते, दहा तोळे. आलेली पूड पारावर सर्वांसमक्ष काट्यात घातली, तो ती पावणेअकरा भरली.

"पाऊण तोळा अधिक कोठून आला, नजीर?" मी विचारले.

"भाजावर शिसं वाढसच, भाऊ. मन्हा बापबी हाईच सांगे."

"परमाणू आपोआप वाढत नाहीत, असे शास्त्र सांगते. तू विटेची पूड मिसळलीस. देवाच्या शेंदरात!"

नजीरने एकवार मंडळींकडे पाहिले. कोणीही त्याच्या नजरेस नजर दिली नाही. शेंदराचे काम त्याच दिवशी सुटले. पंधरवड्यात कल्हईची भांडीही त्याच्या दारी जाईनाशी झाली.

आषाढात पुस्तक परत करण्यापूर्वी मी सहज पुढील प्रकरण चाळले. धातू भाजताना हवेतील प्राणवायूचे परमाणू येऊन त्यास जडतात, तेही ठरावीक प्रमाणात. म्हणून त्याची राख मूळ धातूहून जड भरते. माझे कान तापले. खोटे ठरावे या आशेने मी स्वतः शिसे भाजावयास बसलो. भट्टी माझी, काटा माझा, पूड माझ्याच हातची. आणि ती वाढली.

मी नजीरच्या घरी जाऊन सर्व कबूल केले. तो भाता शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "माले काय सांगतस, भाऊ? चार लोकमा बोलनात, चार लोकमाच सांगा."

शनिवारी पारावर उभा राहून मी सांगितले, की नजीर निर्दोष आहे, अधिक भरले ते हवेचे वजन होते. मग झुलाल पाटील म्हणाला, "मंग भाऊ, मन्हा कापूसना गोनीमाबी थोडी हवा भरी द्या!"

पार हसला. "नजीरनी जिलबी खावाडी का तुम्हले?" दुसरा ओरडला. मी पुस्तकातील वाक्ये म्हणू लागलो, तसतसे लोक अधिकच हसले. चैत्रात याच वाक्यांवर त्यांनी एका शब्दाने शंका घेतली नव्हती.

नजीर पाराच्या कडेला उभा राहून ऐकत होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. टोपी नीट करून निघून गेला.

हल्ली शेंदूर धुळ्याहून येतो. मी मारुतीस जातो, पण नजीरच्या दारावरून नव्हे. मागल्या बोळाने जातो.