डाव्या हातात धर

“ताई, गळ्यातलं तेवढं काढावं लागंल.”

पिवळा टी-शर्ट घातलेल्या पोरीनं चंद्रिकाच्या छातीकडं बोट केलं. तीन मजले चढून आल्यावर घसरगुंडीचा माथा लागत होता. तिथं दोन माणसं बसतील अशी हवेची निळी ट्यूब पाण्यात डुलत होती आणि तिच्या पुढच्या भोकात पाच वर्षांची रुद्राणी आधीच जाऊन बसली होती. मागची जागा आत्याची.

चंद्रिकानं नकळत हात वर नेला. नायलॉनच्या भाड्याच्या पोशाखावर चांदीची लिंबाएवढी डबी लोंबत होती. आत इष्टलिंग. लिंगायताच्या घरात ते जन्मल्यावर गळ्यात येतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं, मध्ये कुठं उतरायची जागा नसते.

“हे काढत नाहीत,” ती म्हणाली.

“ठावं हाय की मला. आमच्या वळसंगात निम्मं गाव लिंगायतच हाय. पण वेगात डबी उडली आन् पोरीच्या डोळ्याला लागली म्हंजी? खाली लॉकर हाय, ठेवून या.”

“लॉकरमध्ये कसं ठेवायचं?”

“मग नगा बसू. पर पोरगी एकटी सोडता येत न्हाय. उंची कमी हाय तिची.”

“ओ मावशी, चला की फुडं! उन्हात तळायला लागलोय हितं,” मागनं कुणीतरी ओरडलं. रांगेत हशा पिकला.

रुद्राणीनं मान वळवून आत्याकडं पाहिलं. सकाळपासून तीन ठिकाणी तिला भिंतीवरच्या लाल रेघेला टेकवून उभं केलं होतं आणि तिन्ही ठिकाणी ती चार बोटं कमी भरली होती. तिचा नऊ वर्षांचा भाऊ गुरू मात्र धावत जायचा, घसरायचा, ओला होऊन परत यायचा. तिसऱ्या वेळी रुद्राणी रडली नाही. आत्याचा हात सोडून तिनं एवढंच म्हटलं, “मला पप्पांकडे जायचंय.”

ते वाक्य चंद्रिकाला अजून टोचत होतं. कारण याच वाक्याची तिला चार दिवस धास्ती होती.

दर मे महिन्यात धाकट्या भावाची, अमृतची मुलं पुण्याहून सोलापूरला यायची, ती वीस वीस दिवस. पण ती यायची आज्जीकडं. हेमावतीबाई, म्हणजे चंद्रिकाची अव्वा, शेंगा भाजायच्या, पोरांच्या पाठी खाजवायच्या, कानडीतून शिव्या द्यायच्या आणि पोरं त्या शिव्या पुण्याला जाऊन शाळेत वापरायची. चंद्रिका तेव्हा सकाळी आठला टॉवेलच्या कारखान्यात जायची. बावीस वर्षं ती चेकिंगला होती. टॉवेल उजेडासमोर धरायचा, निसटलेला धागा शोधायचा, खडूची खूण करायची, पुढचा घ्यायचा. संध्याकाळी घरी येई तेव्हा पोरं जेवून पेंगलेली असायची. तिच्या वाट्याला त्यांचं झोपणं यायचं, आणि तेवढं तिला पुरायचं.

नोव्हेंबरात अव्वा गेली. एप्रिलात अमृतचा फोन आला.

“ताई, यंदा मुलांचं राहू दे म्हणतोय. अव्वा नाही, तू कामावर. दिवसभर करणार काय ती? त्यात तिथली गरमी.”

“मी रजा टाकते की.”

“अगं, कंटाळतात ती.”

“कंटाळत नाहीत. मी त्यांना पार्कला नेते. पुणे रोडवर नवीन झालंय बघ, पाण्याचं.” बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. शेजारच्या पोरांच्या तोंडून ऐकलेलं नाव ते, एवढंच.

अमृत हसला होता. “तू? वॉटर पार्कला?” मग म्हणाला, “बरं. चार दिवस पाठवतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी तिथनंच घेऊन जाईन त्यांना. उगाच परत सोलापूरला हेलपाटा नको.”

पहिले तीन दिवस जसे जायचे तसे गेले. त्रेचाळीस डिग्रीत दारं लावून बसायचं. तिनं शेंगापोळ्या केल्या, पोरांनी एकेक खाल्ली आणि छान आहे म्हटलं. मोठ्या माणसांनी पाहुण्यांच्या घरी म्हणावं तसं. रुद्राणीनं एकदा मधल्या खोलीत जाऊन विचारलं, “आज्जीचा पलंग कुठे गेला?” चंद्रिका म्हणाली, “दिला.”

म्हणून सगळं आजच्या दिवसावर आलं होतं. पोरं खुशीत गाडीत बसली, बापाला म्हणाली की आम्हाला दिवाळीत परत यायचंय, तर अमृत काही नाही म्हणायचा नाही. तिनं सांगून अमृत ऐकेल, अशातला भाग नव्हता. पोरांनीच म्हणायला हवं होतं.

“आत्या, ये ना,” रुद्राणी म्हणाली. मग हळूच, “घाबरलीस का?”

घाबरली होतीच ती, पण उंचीला नाही.

दवाखान्यात अव्वाला मशीनमध्ये घालायच्या आधी नर्स असंच म्हणाली होती. धातूचं काही चालणार नाही, काढून द्या. चंद्रिकानं स्वतःच्या हातानं अव्वाच्या गळ्यातनं दोरा काढला. पाच मिनिटांचं काम आहे, असं तिला सांगितलं. अव्वा बोलू शकत नव्हती. तिचा हात तेवढा छातीवर चाचपडत राहिला, अंधारात चष्मा शोधावा तसा. चंद्रिकानं डबी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मशीनमधून बाहेर आणलं तेव्हाच डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी दिली आणि ती खाली धावली. दुकानात रांग होती. वर आली तेव्हा पडदा ओढलेला होता.

डबी पर्समध्येच होती. मशीनमधून आणल्याबरोबर गळ्यात घालायची, हे ती चिठ्ठीच्या घाईत विसरली होती.

मातीच्या वेळी अव्वाला बसवलं, डाव्या तळहातावर लिंग दिलं, स्वामींनी मंत्र म्हटले. सगळं रीतीप्रमाणं झालं. मधला तो अर्धा तास कुणालाच ठाऊक नव्हता. अमृतला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, त्यात काय एवढं. त्यानं स्वतःचं लिंग नोकरी लागली त्या वर्षीच देवघरात ठेवलं होतं. म्हणूनच तिनं त्याला सांगितलं नाही.

“मावशी, व्हय का न्हाय ते सांगा,” पिवळ्या शर्टातली पोरगी म्हणाली. आवाजात आता जरा माया होती. “दुसऱ्यास्नी सोडते तवर.”

रुद्राणी ट्यूबमधून उतरायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा उतरायचं, हे तिला कळलं होतं.

“थांब,” चंद्रिका म्हणाली. “बस तिथंच.” मग तिनं मागं पाहिलं. “गुरू, इकडं ये.”

तिनं दोरा डोक्यावरनं काढला. गळा एकदम उघडा पडल्यासारखा झाला.

“डावा हात पूस. शर्टाला नको, ह्या पंच्याला पूस. आता पसर.” डबी तिनं त्याच्या तळव्यावर ठेवली, दोरा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. “डाव्या हातातच धरायचं. खाली ठेवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. जिन्यानं खाली जा. आम्ही पडतो तिथं काठाला उभा राहा. मी येईपर्यंत मूठ उघडायची नाही.”

“आणि बाथरूमला लागली तर?”

“दाबून धर.”

रांग पुन्हा हसली. गुरू हसला नाही. मूठ छातीशी धरून, गर्दीतून अंग चोरत, एकेक पायरी बघत तो खाली गेला.

ट्यूब सुटली. पुढं काळी नळी होती आणि नळीत अंधार. पाणी तोंडावर आपटलं, पोट मागं कुठंतरी राहिलं, आणि चंद्रिकाच्या तोंडून किंकाळी निघाली, “अव्वाऽऽ!”

सहा महिन्यांत ही हाक तिनं एकदाही मारली नव्हती. नळीत ती घुमली, वळणावर आपटून परत आली. पुढं बसलेल्या रुद्राणीला वाटलं, इथं हेच ओरडायचं असतं. तीही जीव खाऊन ओरडली, “अव्वाऽऽ!” दोघी ओरडत ओरडत उजेडात आल्या आणि धबकन पाण्यात पडल्या.

“परत! आत्या, परत!”

चंद्रिका नाकातलं पाणी पुसत काठाकडं बघत होती. गुरू सांगितलेल्या जागी उभा होता, उन्हात, अनवाणी. तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय उचलत, एकदा तो. लाटांच्या तलावाचा भोंगा वाजत होता आणि सगळी पोरं तिकडं पळत होती. तो हलला नव्हता. बोटं इतकी आवळली होती की टोकं पांढरी पडली होती.

तिनं डबी घेतली, कपाळाला लावली, गळ्यात घातली.

“आत्या, आज्जीचं कोणी धरलं होतं? हॉस्पिटलमध्ये?”

त्यानं हे का विचारावं, तिला कळेना. मातीच्या वेळच्या फोटोत आज्जीचा गळा मोकळा दिसला असेल.

“मी,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पर्समध्ये होतं. मी खाली औषध आणायला गेले होते. परत घालायचं राहिलं.”

गुरूनं थोडा विचार केला. “म्हणजे तुझ्याजवळच होतं.”

“हं.”

“मी आता वेव्हला जाऊ?”

“जा. पाय जपून टाक.”

नंतर रुद्राणीनं तिला त्या नळीतून चार वेळा नेलं. प्रत्येक वेळी गुरू न सांगता हात पुसून पुढं करायचा.

साडेपाचला फाटकाबाहेर अमृतची गाडी लागली. रुद्राणी चंद्रिकाच्या खांद्यावर झोपली होती. तिला तशीच मागच्या सीटवर आडवी केली. गुरूही पेंगत होता.

“मजा केली का रे?”

“लई,” गुरू म्हणाला. सोलापूरचा शब्द त्याच्या तोंडून ऐकून अमृत हसला. “पप्पा, आत्या नळीत असली ओरडते ना! दिवाळीत परत येऊ आपण.”

तिनं तोंड उघडलंही नव्हतं. पोरगं आपणहून बोललं होतं. तिनं अमृतकडं पाहिलं.

अमृत आरशात बघून केस सारखे करत होता. “दिवाळीत आपण मामाकडे चाललोय ना कोचीला? तिकिटं काढलीत बाळा.” मग तिच्याकडं वळून, आवाज उतरवून म्हणाला, “मेमध्ये पण याचा कॅम्प असतो गं पुढच्या वर्षीपासून. बघू की. तूच ये ना पुण्याला.”

“येईन की,” ती म्हणाली.

“सोडू का स्टँडवर?”

“उलटं पडेल तुला. पोरं झोपलीत. जा.”

गाडी निघाली. गुरूनं काचेतून हात हलवला, मग काच वर गेली. ती रस्ता ओलांडून सोलापूरच्या बाजूला उभी राहिली.

दुसरा दिवसही तिच्या रजेचाच होता. सकाळी पिशवी रिकामी करताना तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रुद्राणीचा फ्रॉक आणि गुरूची चड्डी निघाली. ओलीच. ती तिनं धुतली, अंगणात दोरीवर घातली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा घेऊन बाहेर आली तर कपडे कडकडीत वाळले होते. मे महिन्यातलं सोलापूर, वाळायला असा किती वेळ लागणार? तिनं कप पायरीवर ठेवला. फ्रॉक काढला, सवयीनं उजेडासमोर धरला. सगळे धागे जागेवर होते.

मग तो तिनं पुन्हा बादलीत बुडवला आणि न पिळता, टपटप गळता, दोरीवर टाकला.