विजेच्या गाडीचं घोडं

एक्याऐंशीव्या वर्षी माणसाने काय घ्यावं याबद्दल चष्मेवाल्याची मतं ठाम होती. गुडघ्याला पट्टा घ्यावा, बसायला जरा उंच खुर्ची घ्यावी, जमलं तर दुपारी तासभर झोप घ्यावी. त्याच्या वडिलांना मात्र विजेवर चालणारी मोटारगाडी घ्यायची होती.

तीही पूर्ण विजेची. "अर्धं पेट्रोल आणि अर्धी वीज, हे मला पटत नाही," बाबा म्हणायचे. "माणसाने एका वेळी एकाच घरी जेवावं."

बाबांनी एकोणचाळीस वर्षं लाइनमन म्हणून काढली होती. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, वादळात तुटलेल्या जोडायच्या आणि खाली उतरून घरोघरचे दिवे लागलेले बघायचे. वीज म्हणजे त्यांच्या घरचं माणूस. तिच्याबद्दल कोणी वावगं बोललं तर त्यांना खपत नसे. त्यांची जुनी पेट्रोलची गाडी एकोणीस वर्षांची झाली होती. चढ आला की धापा टाकायची, आणि मागच्या महिन्यात भर चौकात जी बसली ती उठेचना. त्या संध्याकाळी बाबांनी घरात जाहीर केलं, की आता दुरुस्ती नाही, नवी गाडी, आणि तीही विजेची. तिथून चष्मेवाल्याच्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

पहिल्या रविवारी चहाच्या वेळी त्याने अंतराचा मुद्दा काढला. बॅटरी वाटेत संपली तर?

"मी आठवड्याला जातो किती?" बाबांनी विचारलं. "जायला चाळीस, यायला चाळीस. ही एका चार्जिंगमध्ये तेवढं चार वेळा जाते. तू मला चंद्रावर पाठवतोयस का?"

दुसऱ्या रविवारी त्याने थंडी काढली. थंडीत बॅटरी मंदावते म्हणे. बाबांनी ते आधीच वाचून ठेवलं होतं. मंदावते, पण किती मंदावते तेही त्यांनी सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्याने आगीचा विषय काढला, चौथ्या रविवारी पाण्यातून गाडी गेली तर काय होईल ते विचारलं. पाचव्या रविवारी काढायला काहीच उरलं नाही, तेव्हा तो म्हणाला, की या गाडीला आवाज नसतो आणि ते बरं नाही.

"आवाज नसतो म्हणून गाडी घ्यायची नाही?" बाबांनी कप खाली ठेवला. "अरे, तुझ्या दुकानात लोक चष्मे घेतात ते वाजतात म्हणून का?"

चष्मेवाला उठून बाल्कनीत गेला. मागोमाग बायको आली.

"तुम्ही ताकाला जाऊन भांडं का लपवताय?" तिने हळू आवाजात विचारलं.

"कसलं भांडं?"

"घोडं बॅटरीपाशी अडलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. बाबांनी पेट्रोलची गाडी घेतो म्हटलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?"

चाललं नसतं. बाबांनी कुठलीच गाडी चालवू नये, एवढंच त्याला हवं होतं. गेल्या सहा महिन्यांत बाबांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला तीनदा आपटलेला त्याने पाहिला होता. जुन्या गाडीच्या डाव्या अंगावर ओरखड्यांची रांगोळी झाली होती. उजवं अंग मात्र नव्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं हे सांगितलं असतं तर दोन मिनिटांत त्याने त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं असतं. गावभर डोळे तपासत हिंडायचं आणि घरात दिव्याखाली अंधार.

एकदा विषय काढून पाहिला होता. तेव्हा बाबांनी दुकानाच्या दारात उभं राहून तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली होती. "आता ज्यांना दिसत नाही अशी गिऱ्हाइकं शोध," असं म्हणून ते निघून गेले. समोरचं त्यांना लख्ख दिसत होतं, खोटं काही नव्हतं. प्रश्न समोरचा नव्हताच.

त्याने परगावच्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तू बोल त्यांच्याशी. तू मोठी आहेस."

"डोळे तुझा विषय आहे," ताई म्हणाली. "तू सांगितलंस तर पटेल. फक्त नीट सांग, एकदम सांगू नकोस. पण उगाच लांबवूही नकोस. आणि माझं नाव घेऊ नकोस."

"म्हणजे तू उंटावरून शेळ्या हाकणार."

"मी उंटावर आहे म्हणून मला लांबचं दिसतंय," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सहाव्या आठवड्यात बाबांनी त्याला न विचारता शोरूममध्ये वेळ ठरवली, आणि वर "तू फक्त सोबत ये, तोंड उघडू नकोस" अशी अट घातली. शोरूममधली मुलगी तिशीच्या आतली, हसतमुख होती. तिने गाडीचे रंग सांगायला सुरुवात केली. बाबांनी रंग बाजूला ठेवले आणि मोटर कुठल्या जातीची, चार्जिंगला किती अँपिअर लागतात, घरच्या मीटरवर भार किती येईल, असं ते विचारत सुटले. मुलगी दोनदा आत जाऊन कुणालातरी विचारून आली. तिसऱ्यांदा तिने बाबांनाच विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?" बाबांनी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

मग गाडी चालवून बघायची वेळ आली. बाबा स्टिअरिंगवर, मुलगी शेजारी, चष्मेवाला मागच्या सीटवर पट्टा आवळून. बाबांनी गाडी अशी काही हलकी बाहेर काढली, की मुलगी म्हणाली, इतकं सफाईदार तर आमचे लोकही काढत नाहीत. बाबा उत्तम चालवत होते, हीच तर पंचाईत होती. अजागळासारखी चालवली असती तर बोलायला तोंड तरी राहिलं असतं.

दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला डावीकडे वळायचं होतं. एक बाई सायकलवरून बराच वेळ त्यांच्या डाव्या हाताला चालली होती. मागच्या कॅरिअरला तिने रंगाचे डबे बांधले होते. चष्मेवाल्याला ती दिसत होती. बाबांनाही दिसत असेल, असं तो स्वतःला सांगत होता. बाबांनी आरशात पाहिलं, पण मान डावीकडे वळवली नाही, आणि वळण घ्यायला स्टिअरिंग फिरवलं.

गाडी आपणहून थांबली. एकदम, जागच्या जागी. चष्मेवाल्याच्या छातीत पट्टा रुतला, मुलीच्या मांडीवरचे कागद पायाशी सांडले. बाईने पाय टेकला. तिचं पुढचं चाक गाडीपासून हातभर अंतरावर होतं. तिने काचेतून बाबांकडे पाहिलं, मान हलवली आणि डबे सावरत निघून गेली.

"पाहिलंत ना?" मुलगी कागद गोळा करत अभिमानाने म्हणाली. "समोर कोणी आलं की ही गाडी स्वतः ब्रेक मारते. म्हणून तर आम्ही ज्येष्ठांना हीच घ्या म्हणतो."

बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. "ती कुठून आली?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाला म्हणाला, "डावीकडून."

"आत्ता आली?"

"नाही बाबा. मागच्या सिग्नलपासून होती."

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि ते खाली उतरले. मुलीला म्हणाले, "बाळ, परत तू चालव." परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत राहिले. सहा आठवडे चष्मेवाल्याला जे सिद्ध करायचं होतं ते अर्ध्या मिनिटात सिद्ध झालं होतं, पण त्याला सुटल्यासारखं वाटेना. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलासारखं वाटत होतं. त्या बाईचं काही बरंवाईट झालं असतं, तर गप्प बसलेला तो होता.

तीन दिवस बाबा कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. एक बाई फ्रेम निवडत होत्या, एक गृहस्थ काड्या घट्ट करून घ्यायला आले होते. बाबा त्यांच्या मागे बाकावर बसले.

"बाबा, तुम्ही आत चला ना."

"लोक आधी आलेत. माझा नंबर आला की बोलाव."

नंबर आल्यावर चष्मेवाल्याने त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे कडेची नजर तपासायचं यंत्र होतं. त्याच्या पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा बरा निघाला. मग त्याने उजव्यावर झापड लावली आणि डाव्याची तपासणी सुरू केली. बाबांचा अंगठा टकटक चालू झाला, आणि थोड्या वेळाने थांबला. घुमटात उजेडाचे कण एकामागून एक लागत होते आणि विझत होते. अंगठा हलत नव्हता.

"यंत्र बंद पडलं का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. चालू आहे."

कागद बाहेर आला. डाव्या डोळ्याचं बाहेरचं अंग काळं होतं. चष्मेवाल्याने तो टेबलावर ठेवला आणि काचबिंदू म्हणजे काय ते सांगायला लागला. आतला दाब वाढतो, नजर कडेने खात जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली परत येत नाही, राहिलेली औषधाने राखता येते. पक्कं निदान डॉक्टरच करतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला कधीपासून शंका होती?"

"सहा महिने."

"आणि इतके रविवार तू मला बॅटरी थंडीत मंदावते ते सांगत बसलास."

चष्मेवाल्याने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"मी खांबावर चढतोय," बाबा म्हणाले, "आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला माहीत आहे, की वरची तार जिवंत आहे. पण मला वाईट वाटेल म्हणून तो मला हवापाण्याच्या गोष्टी सांगतो. अशा माणसाला आमच्यात काय म्हणायचे, माहीत आहे?"

"नाही."

"त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा कोणी चढायचंच नाही. म्हणायला काही उरायचं नाही."

बाबांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "चुकलं माझं," चष्मेवाला म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि तो कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "बुधवारचं काय करू? तो वाट बघत असतो."

तो म्हणजे बाबांचा जोडीदार. चौतीस वर्षं दोघांनी एकाच शिडीवर काम केलं होतं. आता तो शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात खाटेवर होता, आणि जुनी गाडी बसेपर्यंत दर बुधवारी बाबा त्याच्याकडे जात. चाळीस जायला, चाळीस यायला. हे चष्मेवाल्याला माहीत होतं, पण गाडीचा इतका वाद घालताना एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला, थेंब दिले आणि गाडी चालवणं बंद केलं. बाबांनी लायसन्स स्वतःहून कपाटात ठेवलं. ताईने फोनवर सुस्कारा सोडला आणि "बघ, नीट सांगितलं की पटतं" असं म्हणून श्रेयही घेतलं. गाडीचं प्रकरण मिटलं, असं धरून चष्मेवाला रविवारी निवांत चहाला बसला.

"मग गाडी कधी आणायची?" बाबांनी विचारलं.

"कुठली गाडी? बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"मी चालवायची नाही, असं म्हणाले. तू चालवायची नाहीस, असं नाही म्हणाले. बुधवारी सकाळी तुझं दुकान बंद असतं."

"मला न्यायला हरकत नाही. पण त्यासाठी विजेचीच गाडी कशाला? माझी आहे ना."

"तुझी धूर सोडते. आणि विजेच्या गाडीला तुझी हरकत काय आहे, सांग. अंतराची खोडली, थंडीची खोडली, आगीची, पाण्याची, आवाजाचीसुद्धा खोडली. आणखी एखादी असेल तर काढ, मी बसलोय."

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. "ब्रेकचं तर तुम्ही स्वतः पाहिलंत," ती म्हणाली.

महिन्याभराने गाडी आली. ज्या गाडीविरुद्ध चष्मेवाल्याने जिवाचं रान केलं तिची किल्ली आता त्याच्याच खिशात होती, आणि शेजारच्या सीटवर बाबा. पहिल्याच बुधवारी गल्ली संपायच्या आत त्यांनी तोंड उघडलं.

"पाय सोड."

"समोर उतार आहे, ब्रेक लावतोय."

"ब्रेक कशाला? पाय सोडलास की ती आपोआप हळू होते, आणि वेगाची वीज परत बॅटरीत जाते. तू फुकट घालवतोयस."

"बाबा, मी तीस वर्षं गाडी चालवतोय."

"पेट्रोलची. सोड पाय."

चाळीस किलोमीटरभर हेच चाललं. कुठे पाय सोडायचा, कुठे नाही, कुठे पंखा कमी करायचा. एका वळणावर चष्मेवाल्याने बाबांना म्हटलं, की आता उतरून चालत जातो. बाबा म्हणाले, जा, पण गाडी नीट बंद करून जा.

वृद्धाश्रमाच्या अंगणात गाडी खिडकीजवळ लावावी लागली, कारण जोडीदाराला ती खाटेवरून दिसायला हवी होती. तो उशीवर कोपर टेकून बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पण ही चालते कशी?"

बाबांनी खुर्ची ओढली, खिशातून कागद आणि पेन्सिल काढली आणि पहिली रेघ मारली.

तीन वाजता चष्मेवाल्याने व्हरांड्यातून बायकोला फोन केला. चार वाजता एक गिऱ्हाईक येणार होतं, त्याला उद्या बोलाव, असं सांगितलं.

"अजून निघाला नाहीत?" तिने विचारलं.

त्याने दारातून आत डोकावून पाहिलं. दोघांची डोकी कागदावर वाकली होती. जोडीदाराला काहीतरी पटलेलं नव्हतं आणि बाबा तेच पुन्हा, मोठ्या आवाजात सांगत होते.

"कसले निघतोय," चष्मेवाला वैतागून म्हणाला. "आत्ताशी बॅटरी झालीय. मोटर अख्खी बाकी आहे."